इनहेलरसोबतचा स्पेसर: दम लागणाऱ्यांच्या घरी असावाच

आयुष्यभर चुलीच्या धुरात वावरलेल्या आमच्या आईला सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे) निदान झाल्यावर डॉक्टरांनी इनहेलर स्पेसर लावून घ्यायला सांगितला, आणि रत्नागिरीतल्या औषधांच्या दुकानातून आणलेली ही पारदर्शक प्लास्टिकची नळी औषधाइतकीच मोलाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इनहेलर दाबणे आणि त्याच क्षणी श्वास घेणे यांचा मेळ वयस्कर माणसांना सहसा जमत नाही व बरेचसे औषध घशातच बसते. स्पेसरमध्ये फवारा क्षणभर थांबतो, त्यामुळे सावकाश, खोल श्वास घेऊन तो सुमारे १० सेकंद रोखता येतो. एका वेळी एकच फवारा सोडावा. औषध स्टेरॉइडचे असल्यास नंतर चूळ भरावी, नाहीतर तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

खरी अडचण धुण्याची आहे. साबणाच्या कोमट पाण्यात धुतल्यावर स्पेसर फडक्याने पुसायचा नसतो, कारण घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युत निर्माण होऊन औषध आतल्या बाजूला चिकटते; आणि कोकणातल्या आषाढ-श्रावणात तर झडपेच्या कडेचे थेंब दुसऱ्या दिवशीही तसेच दिसतात. म्हणून आम्ही दोन स्पेसर आलटून पालटून वापरतो. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे, हे मात्र मला फार खटकले.

दम लागल्यावर ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडल्याने आईला आराम पडतो. परंतु ओठ निळसर पडले, छातीत दुखू लागले किंवा वाक्यही पुरे बोलता येईना, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.