कुंडीतला कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर: गणपतीत लावला, होळीनंतरचा अनुभव

गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी देण्यासाठी नोडएमसीयू (छोटा वाय-फाय कंट्रोलर बोर्ड), मातीचा ओलावा मोजणारा काळा कपॅसिटिव्ह सेन्सर (व्ही १.२) आणि ५ व्होल्टचा बुडता पंप अशी जोडणी गणपतीत लावली, होळी उलटली तरी चालू आहे. सेन्सर कामाचा आहे, पण पाकिटातून काढून थेट मातीत खुपसू नका. दोन पायांचा स्वस्त रेझिस्टिव्ह तर घेऊच नका; मातीतून वीज वाहते आणि त्याचा मुलामा झडून जातो.

आधी कपॅसिटिव्ह सेन्सरवरच्या ५५५ आयसीचं (टायमर चिपचं) नाव वाचा. टीएलसी५५५ हवी. एनई५५५ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे नोडएमसीयूच्या ३.३ व्होल्टवर तिचा भरवसा नाही. मग मल्टिमीटरने सिग्नल आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा, साधारण १ मेगाओहम यायला हवा. बऱ्याच नकली बोर्डांवर हा १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो. असा सेन्सर पाण्यातून काढून पुसला तरी आकडा बदलायला फार वेळ घेतो. सिग्नल आणि ग्राउंडच्या तारांमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर डकवला की काम भागतं.

पाणी शिरतं ते बोर्डाच्या कापलेल्या कडांतून. तिथे अ‍ॅरल्डाइटचा हात द्या (नेलपॉलिश तडकतं), वरच्या भागावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि पांढऱ्या रेघेच्या वर माती येऊ देऊ नका.

सेन्सरचा आकडा उलटा चालतो, कोरड्यात जास्त, ओल्यात कमी. प्रत्येक नगाचा वेगळा, म्हणून हवेत आणि पाण्यात धरून दोन्ही टोकं स्वतः टिपा. दहा रीडिंगची सरासरी घ्या. पंप ८ सेकंद चालवून अर्धा तास थांबा. पाणी मुरायच्या आत पुन्हा मोजलं तर कुंडीखाली तळं होतं.

पंप चालू-बंद करायला आयआरएफ५२० मॉड्यूल (मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) गळ्यात मारून घेऊ नका, ३.३ व्होल्टवर ते पुरतं उघडत नाही. आयआरएलझेड४४एन लावा, पंपाच्या दोन तारांमध्ये १एन४००७ डायोड (पट्टा प्लसकडे). पंपाला वेगळा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र एकच. नाहीतर पंप सुरू होताच बोर्ड रीसेट होतो.

नळीचं तोंड बादलीतल्या पाण्याच्या पातळीखाली असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफनने बादली रिकामी होते. तोंड वर बांधा, किंवा नळीच्या सगळ्यात उंच जागी बारीक भोक पाडा.

नुसतं कोकोपीट असलेल्या कुंडीत हा सेन्सर फसतो. वाळलं की ते आक्रसतं, पात्याभोवती हवा राहते, आणि पंप पुन्हा पुन्हा सुरू होतो. तिथे निम्मी माती मिसळा आणि पातं घट्ट दाबून बसवा.