कोटेशनमधील ‘जादा काम’ : नव्या मसुद्याचा काही महिन्यांचा अनुभव

विद्युत कामाच्या कोटेशनच्या तळाशी ‘जादा काम वेगळे आकारले जाईल’ एवढी एक ओळ टाकून मोकळे होण्याची पद्धत सोलापुरात सर्रास आहे आणि बिलाच्या वेळी होणारे बहुतेक वाद तिथूनच निघतात. जादा काम कोणते, ते कोणाच्या सांगण्यावरून करायचे आणि कोणत्या दराने, यांपैकी काहीच ती ओळ सांगत नाही. ग्राहकाला तीत पळवाट दिसते, ठेकेदाराला ती ढाल वाटते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २९ प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो निरर्थक ठरतो. आपल्या धंद्यात कोर्टाची पायरी सहसा कोणी चढत नाही. तरी मसुदा लिहिताना हीच कसोटी लावावी, असे ठरवून मी दिवाळीपासून कोटेशनची भाषा बदलली.

आता कोटेशनमध्ये आधी पाहणीत काय पाहिले ते येते आणि लगेच काय पाहता आले नाही ते येते. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तो सध्या असा लिहितो : ‘भिंतीतील व छतातील पाइप, लाकडी पट्टीखालील तारा आणि जमिनीखालील केबल पाहणीच्या दिवशी उघडून पाहिलेली नाही. ही वायरिंग वापरण्याजोगी आहे व प्रत्येक प्लगपर्यंत अर्थिंगची तार आहे, असे गृहीत धरून वरील रक्कम काढली आहे. तसे नसल्यास काम तेथेच थांबवून फोटोसह कळवले जाईल आणि सोबतच्या दरपत्रकाप्रमाणे वाढीव रकमेला लेखी होकार मिळाल्यावरच पुढे सुरू होईल.’ व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार लेखी धरला जाईल, हेही त्याखाली नमूद असते. घरमालक पुण्यात आणि घर सोलापुरात, अशी कामे आता इतकी असतात की त्यावाचून चालत नाही.

या मजकुराचा खरा कस शुक्रवार पेठेतील एका जुन्या वाड्यात लागला. काम वरवर पाहता लहान होते : नवीन डीबी (वीजवाटपाची पेटी), एमसीबी (भार जास्त झाला की बंद होणारे स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). आरसीसीबी बसवून पुरवठा सुरू केला की ती लगेच पडायची, म्हणजे आपोआप बंद व्हायची. अशा वेळी ग्राहकाची समजूत ‘नवीन वस्तूच खराब निघाली’ अशी होते. प्रत्यक्षात फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येत नसेल, तर ती पडणारच. दोष दाखवणे हेच तिचे काम आहे. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारेवरच्या वेष्टनाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, एकेक सर्किट तपासले तेव्हा माजघराच्या सर्किटचे रीडिंग एक मेगओमच्याही बरेच खाली आले, म्हणजे गळती तिथेच होती. सागवानी पट्टी उचलली, तर तारेवरचे सुती वेष्टन शाबूत होते; पण आतले रबर बोट लावताच भुकटी होऊन गळत होते. फोटो आणि मेगरचे रीडिंग पाठवल्यावर वाढीव रकमेला होकार मिळायला फार वेळ लागला नाही, कारण ही शक्यता आणि तिचा दर दोन्ही पहिल्याच कागदावर होते. दोष शोधण्याचा मेहनताना अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने दरपत्रकात स्वतंत्र लिहावा, असा माझा आग्रह आहे. दोष सापडेपर्यंतचे श्रम कोणाला दिसत नाहीत आणि नेमके तेच बुडतात.

तारेतील तांब्याच्या बदलत्या भावासाठी मात्र लांबलचक कलम लागत नाही. कोटेशन १५ दिवस ग्राह्य, त्यानंतर तारेच्या ९० मीटरच्या कॉइलचा खरेदीच्या दिवशीचा भाव आणि दुकानाचे बिल ग्राहकाला दाखवायचे, एवढे पुरते. जीएसटी जादा कामावरही लागतो, हे त्याच ओळीत सांगून टाकावे.

तोटेही आहेत. कागद लांबला की काही ग्राहक बिचकतात आणि एकाच आकड्याचे कोटेशन देणाऱ्याकडे जातात. विशेषतः फ्लॅटच्या किरकोळ कामांत हे घडते. साखर पेठेतील एका वयस्कर गृहस्थांनी तर ‘एवढे लिहून घेता, म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?’ असे तोंडावर विचारले. ‘काका, हे तुमच्यासाठीही आहे. ठरलेल्या किरकोळ वाढीपलीकडे तुम्ही हो म्हटल्याशिवाय मला एक रुपयाही वाढवता येणार नाही,’ असे सांगितल्यावर त्यांनी सही केली. पाच टक्क्यांपर्यंतची वाढ न विचारता करण्याची मुभा मी सुरुवातीला ठेवली होती. मोठ्या कामात ती सोयीची ठरते. पण छोट्या कामात त्या टक्क्यांत एक धड स्विचबोर्डही बसत नाही, म्हणून तेथे आता टक्क्यांऐवजी थेट रक्कम लिहितो.

अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमागाच्या शेडमध्ये हाच मसुदा तोकडा पडला. तेथे खर्च वाढतो तो तारांपेक्षा थांबण्यामुळे. माग चालू असताना लाइन बंद करता येत नाही, माणसे बसून राहतात आणि त्यांची हजेरी चढत जाते. त्यामुळे कारखान्यांच्या कोटेशनमध्ये लाइन बंद मिळण्याची वेळ आणि ती न मिळाल्यास पडणारी मजुरी हे स्वतंत्र कलम घातले आहे. वाढीव भारासाठी महावितरणकडे भरायची रक्कम ग्राहकाने थेट भरायची, ती कोटेशनमध्ये धरायची नाही.

या मसुद्याची एक मर्यादा मी जाणूनबुजून पाळतो. माझ्या मोजमापात तार कमी धरली गेली किंवा पॉइंट मोजायचा राहिला, तर तो खर्च ‘अनपेक्षित’ या सदरात बसवायचा नाही. पाहणीत जे दिसू शकत होते त्याची जबाबदारी ठेकेदाराची, असे कोटेशनमध्येच लिहिलेले असल्यामुळे बाकीच्या अटींवर ग्राहक सहसा घासाघीस करत नाहीत.

अजून एक जागा सैल आहे. तारांसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) मारल्यानंतर त्या सिमेंटने बुजवणे आमच्याकडे आणि रंग ग्राहकाकडे, असे लिहूनही माती-दगडाच्या भिंतीत हाताएवढा पोपडा सुटला की तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच. पुढच्या कोटेशनपासून झिरीच्या दोन्ही बाजूंना सहा इंचांपर्यंतचे गिलाव्याचे काम आमचे आणि त्यापलीकडचे चौरस फुटाच्या दराने, अशी अट घालत आहे.