रिपोर्टमध्ये प्लगइन आहे, वेबसाईटवर पत्ता नाही

वर्डप्रेसची वेबसाईट कुणाला सांभाळायला दिली असेल आणि दर महिन्याला हिरव्या टिकांची पीडीएफ येत असेल, तर हे वाचा.

आमची साईट माहितीपर लेखांची. एसईओचं, म्हणजे गूगलच्या शोधात साईट वर आणायचं, काम एका एजन्सीकडे होतं. ठरलं होतं ते असं: योस्ट या एसईओ प्लगइनची (वर्डप्रेसला जोडायच्या प्रोग्रामची) विकतची प्रीमियम आवृत्ती बसवायची, प्रत्येक लेखाला वेगळं टायटल आणि मेटा डिस्क्रिप्शन (शोधात नावाखाली दिसणारा सारांश) द्यायचं. लायसन्सचे पैसे वेगळे, तेही आगाऊ. रिपोर्ट वेळच्या वेळी यायचा. 'एसईओ प्लगइन: आढळले', शेजारी हिरवी टिक, खाली लाइटहाऊस या गूगलच्या तपासणी टूलचा एसईओ स्कोअर १०० पैकी १००.

शंका आली ती व्हॉट्सॲपमुळे. कुठल्याही लेखाची लिंक पाठवली की प्रीव्ह्यूमध्ये होमपेजचंच नाव आणि होमपेजचंच चित्र. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कॅशे आहे, होईल क्लिअर", म्हणजे साठवलेली जुनी प्रत दिसतेय. कॅशे म्हणजे या धंद्यातलं 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'.

शेवटी एका लेखावर राइट क्लिक करून पेज सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. योस्ट चालू असलं की पानाच्या हेडमध्ये (कोडच्या वरच्या भागात) एक कॉमेंट छापतं: ही साईट योस्टच्या अमुक व्हर्जनने ऑप्टिमाइझ केली आहे, अशा अर्थाची. ती ओळ जागेवर होती. पण तिच्याखालच्या कॅनॉनिकल टॅगमध्ये (या पानाचा मुख्य पत्ता कोणता, हे गूगलला सांगणाऱ्या ओळीत) पत्ता होमपेजचा! दुसरे लेख उघडले, सगळीकडे तेच. ओजी टायटल, म्हणजे लिंकच्या प्रीव्ह्यूत दिसणारं नाव, तेही तेच. वेबॅक मशीन या वेबसाईटींच्या संग्रहात आमच्या साईटच्या जुन्या प्रती पाहिल्या, तर व्हर्जनचा आकडासुद्धा जागचा हललेला नाही. योस्टचे अपडेट तर दर काही आठवड्यांनी येत असतात.

प्लगइन्सची यादी बघावी म्हटलं, तर आम्हाला दिलेलं लॉगिन 'एडिटर'चं. एडिटरला प्लगइन्सचा मेनू दिसतच नाही. 'सुरक्षेसाठी' तसं केलंय, असं सांगितलं गेलं होतं. होस्टिंग आमच्या नावावर होतं, तिथून ॲडमिनचा ताबा मिळवला. यादीत योस्ट नव्हतं. प्रीमियम सोडाच, फुकटचंही नाही. थीमच्या (साईटच्या रूपाच्या साच्याच्या) हेडरच्या फाइलमध्ये योस्टने कधीकाळी होमपेजसाठी तयार केलेला अख्खा तुकडा, त्या कॉमेंटसकट, हाताने चिकटवलेला होता. हेडरची फाइल सगळ्या पानांना एकच, म्हणून टॅगही सगळ्यांना तेच.

आता टूल्स फसली कशी? प्लगइन ओळखणारी बहुतेक टूल्स बाहेरून पानाचा एचटीएमएल वाचतात आणि अशा खुणा शोधतात. साईटच्या आत प्लगइन चालू आहे का, हे त्यांना दिसत नाही. लाइटहाऊसही एका वेळी एकच पान तपासतं, आणि एजन्सी त्याला फक्त होमपेज द्यायची. होमपेजचा कॅनॉनिकल होमपेजकडे, त्यात गैर काहीच नाही. तेच टूल मी आतल्या लेखावर चालवलं, तेव्हा त्याने लगेच लाल केलं: कॅनॉनिकल त्या लेखाऐवजी डोमेनच्या होमपेजकडे जातोय. बिचारं टूल खरंच बोलत होतं, त्याला प्रश्नच सोयीचा विचारला जात होता.

नुकसान टिकांपुरतं नव्हतं. कॅनॉनिकल गूगलसाठी इशारा असतो, हुकूम नव्हे; त्यामुळे काही लेख शोधात राहिले आणि बरेच गळाले. साईट शोधात कशी दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलच्या पेजेस रिपोर्टमध्ये ते 'अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग' (मुख्य पत्ता दुसराच असलेली पानं) या रकान्यात पडून होते. हा रिपोर्ट आम्हाला कधीच दाखवला नव्हता, कारण सर्च कन्सोलची मालकीही त्यांच्याच खात्यावर.

तुमच्या साईटवर खातरजमा करायची तर होमपेज सोडून दोन वेगळ्या लेखांचा सोर्स उघडा आणि टायटल, डिस्क्रिप्शन, कॅनॉनिकल ताडून पाहा. डोमेनपुढे साइटमॅप_इंडेक्स डॉट एक्सएमएल (/sitemap_index.xml) हा पत्ता टाका; साइटमॅप म्हणजे साईटवरच्या पानांची यादी. योस्टचा साइटमॅप बंद केलेला नसेल, तर तिथे यादी उघडते. आमच्याकडे ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', आलं. डब्ल्यूपी-साइटमॅप उघडला म्हणून खूश होऊ नका, तो २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच बनवतं. प्रीमियमचे पैसे भरले असतील तर लायसन्स कुणाच्या खात्यावर आहे ते विचारा आणि ते खातं उघडून दाखवायला लावा. सर्च कन्सोलमध्ये 'ओनर' तुम्हीच हवेत. आणि पहिल्या नंबरची हमी कुणी देत असेल तर बोलणं तिथेच थांबवा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय.

एजन्सीला सगळे स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, "रिपोर्टमध्ये आम्ही 'आढळले' असं लिहिलंय, 'बसवले' असं नाही." लायसन्सच्या पैशांचा विषय काढला, तेव्हापासून फोन बंद.

काम काढून घेताना यूझर्सची यादी नक्की तपासा. आमच्याकडे त्यांचं आणखी एक ॲडमिन खातं निघालं, आणि कितीतरी लेख त्याच खात्याच्या नावावर चढवलेले. असं खातं काढताना वर्डप्रेस विचारतं, यातल्या मजकुराचं काय करायचं? तिथे 'डिलीट' न निवडता सगळं आपल्या नावावर वळवा, नाहीतर खात्याबरोबर लेखही जातील.