जे-३०५ नळीचा गायगर काउंटर किट: मोजणीला पक्का, मायक्रोसिव्हर्टला कच्चा

गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सारी कण नळीत टिपला की एक ठोका मोजणारं यंत्र. ऑनलाइन मिळणाऱ्या त्याच्या या किटमध्ये एक उघडा बोर्ड, काचेची जे-३०५ गायगर नळी, तीन सेलचा डबा, जोडायच्या चार-दोन वायरी आणि वर बसवायची अॅक्रिलिकची पट्टी एवढंच येतं. नाशिकमधल्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजला किंवा बीएस्सीच्या वर्गाला किरणोत्सार शिकवायचा असेल, तर हा किट जरूर घ्यावा. फक्त आर्डुइनोच्या (ठोके मोजायला जोडायचा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) तयार प्रोग्रॅममधला मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचा, आकडा पहिल्याच दिवशी काढून टाकावा. तो आकडा मिनिटाच्या मोजणीला १५१ च्या आसपासच्या एका ठरावीक संख्येने भागून येतो. ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी तो भागाकार ठीक, पण पोटॅश खतातून निघणाऱ्या बीटा कणांसाठी (वेगवान इलेक्ट्रॉन) त्याला काही अर्थ नाही. मिनिटाला किती ठोके पडले, हेच या यंत्राचं खरं उत्तर.

जोडणी सोपी आहे. बोर्डाला ५ व्होल्ट द्यायचे, अॅनोडची (धन टोकाची) खूण पाहून नळी क्लिपमध्ये बसवायची आणि सिग्नलची पिन आर्डुइनोच्या इंटरप्टला (ठोका लगेच टिपणाऱ्या पिनला) जोडायची. ठोका पडला की सिग्नल खाली जातो, म्हणून प्रोग्रॅममध्ये 'फॉलिंग' निवडावं. क्लिप घट्ट असतात. नळी मधे धरून दाबली की काच गेलीच म्हणून समजा. दोन्ही टोकांच्या टोप्या धरून हळूच बसवावी. टोप्यांवर सोल्डर अजिबात करू नये, उष्णतेने काच आणि धातूचा सांधा तडकतो.

नळीला ४०० व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. साध्या मल्टिमीटरने मोजलं तर आकडा बराच कमी दिसतो, कारण मीटरचा १० मेगाओहमचा भारच या अशक्त सर्किटला झेपत नाही. मग लोक बोर्डावरचा प्रीसेट (दाब कमीजास्त करायचा स्क्रू) फिरवत बसतात आणि नळीवर गरजेपेक्षा जास्त दाब चढवतात. त्याऐवजी १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर ओळीने जोडून मीटरच्या आधी लावा आणि आलेल्या आकड्याला १०१ ने गुणा. मीटरवर ३.९६ दिसले की ४०० व्होल्ट झाले. नंतर एखादा नमुना एकाच जागी ठेवून ३४० पासून २० व्होल्टच्या टप्प्याने वर जा, प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं मोजा. मोजणी आधी झपकन वाढते, मग काही टप्पे जवळपास सपाट राहते. त्या सपाटीच्या मध्यावर प्रीसेट सोडून द्यावा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर काही वेळ भरलेला असतो, लगेच हात लावला तर झटका बसतो.

खोट्या ठोक्यांची कारणं ठरलेली आहेत. नळी काचेची असल्याने उन्हात ठेवली की प्रकाशानेच मोजणी वाढते. काळ्या कागदात गुंडाळावी. स्वस्त मोबाइल चार्जरऐवजी सेलवर चालवावा. पावसाळ्यात बोर्डावर ओल धरते आणि उच्च दाबाच्या रेषांमधून गळती होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळवला की बोर्ड शांत होतो.

आता मोजणी. नाशिक बसाल्टवर वसलंय, आणि बसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी. नळीजवळ काहीही नसताना मिनिटाला पंधरा ते तीस ठोके पडले तर घाबरायचं कारण नाही. ते खडकाचे, भिंतीच्या विटांचे आणि वैश्विक किरणांचे. समजा सरासरी २५ आहे. एका मिनिटात १९ आले, पुढच्यात ३१ आले, तर किट बिघडलेला नाही. विघटन असंच लहरी असतं. मोजणीत वर्गमुळाइतका चढउतार धरायचाच. २५ ला ५, म्हणजे वीस टक्के. हेच वीस मिनिटं मोजलं की ५०० ला सुमारे २२, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत.

नमुन्यासाठी लांब जायला नको. द्राक्षबागेतलं ०:०:५० हे पोटॅशचं खत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. पोटॅशियमच्या दर लाख अणूंत सुमारे १२ अणू किरणोत्सारी पोटॅशियम-४० चे असतात आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. तरीही एका ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. या खताच्या ग्रॅमला साधारण १३ पडतात. पातळ प्लास्टिक पिशवीत खताचा अर्धा सेंटीमीटरचा थर पसरून नळी त्यावर टेकवा. थर आणखी जाड करून उपयोग नाही, खालचे बीटा वरच्या खतातच अडतात. वाढ डोळ्यांत भरणारी नसते. समजा २५ चे ३५ झाले, तर एका मिनिटात ते चढउतारातच हरवतं; वीस मिनिटांत ५०० च्या जागी ७०० येतात आणि फरकातली अनिश्चितता फक्त ३५ राहते. आता मधे दोन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा सरकवा, वाढ जवळजवळ नाहीशी होते. बीटा आणि गॅमा यांतला फरक शिकवायला हा एक पत्रा पुरतो.

जोरदार टिकटिक हवी असेल तर सातपूर-अंबडच्या वेल्डिंगच्या दुकानांत लाल टोकाचे टंगस्टन इलेक्ट्रोड मागावेत. त्यात सुमारे २ टक्के किरणोत्सारी थोरियम ऑक्साइड असतं. पाकीट बंदच ठेवायचं. इलेक्ट्रोड घासून टोक काढण्याचा मोह नको, ती धूळ श्वासातून आत गेली की अल्फा कण (हेलियमची केंद्रकं) फुप्फुसातच काम करतात. या नळीला मात्र अल्फा दिसतच नाहीत, काचेतून पार होत नाहीत. त्यामुळे स्मोक डिटेक्टर फोडून आतला अल्फा सोडणारा अमेरिसियम बाहेर काढणं धोक्याचंही आहे आणि व्यर्थही.

लासलगावचा विकिरण केलेला कांदा वर्गात कुणीतरी आणणारच. तिथलं केंद्र २००२ पासून आहे आणि कोंब रोखायला कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. कांदा नळीखाली ठेवा, साध्या कांद्यापेक्षा वेगळं काही दिसणार नाही. कोबाल्टच्या गॅमाची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तेवढ्याने कांद्यातले अणू किरणोत्सारी होत नाहीत. दोन्ही कांद्यांत जे थोडं पोटॅशियम असतं, ते सारखंच.

अर्धायुष्य दाखवायला पोटॅश कामाचं नाही, १२५ कोटी वर्षं कोण थांबणार? त्याला फुगा लागतो. फुगा लोकरीवर घासून तळमजल्याच्या बंद खोलीत पाऊण तास टांगा, मग हवा सोडून नळीभोवती गुंडाळा. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची अपत्यं, म्हणजे तो फुटून बनलेले अणू, त्यावर चिकटलेली असतात: शिसं-२१४, अर्धायुष्य २७ मिनिटं, आणि बिस्मथ-२१४, २० मिनिटं. दर पाच मिनिटांची मोजणी लिहीत गेलं की पाऊण तासाच्या आसपास वाढ निम्म्यावर येते. फुग्यावरचा विद्युतभार दमट हवेत टिकत नाही, म्हणून हा प्रयोग जुलैत फसतो आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत जमतो.

विकत घेताना सुटी नळी एक जास्तीची मागवा. पार्सल उघडताना नळीच्या टोकाजवळ केसासारखी भेग आहे का ते उजेडासमोर धरून बघा. भेग असेल तर दाब कितीही वाढवला तरी एकही ठोका पडत नाही, आणि दोष विनाकारण बोर्डाच्या माथी येतो.