सहा महिने हर्क्युलिसवर: फाइल कुणाच्या हातात?

पोळ्याच्या आठवड्यात आर्वीजवळच्या आमच्या गावी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हर्क्युलिस चढवलं, आता हरभरा काढणीला आलाय. आयबीएमच्या मेनफ्रेमची, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या संगणकांची, नक्कल करणारा हा फुकट एम्युलेटर रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केला. वर एमव्हीएस ३.८जे ही आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, टीके५ नावाच्या तयार संचातून. पुण्यात नऊ वर्षं कोबोल भाषेत प्रोग्रॅम लिहिले, पण फाइलींची कुलपं तिथले सिस्टिमवाले सांभाळायचे. इथे सिस्टिमवाला मीच. दुसरा युजर म्हणजे कॉलेजात जाणारा पुतण्या.

पहिल्याच आठवड्यात माझा जॉब, म्हणजे मशीनला करायला दिलेलं काम, लटकला. कन्सोलवर आयईएफ०९९आय हा संदेश: डेटासेटची (इथे फाइलीला डेटासेट म्हणतात) वाट बघतोय. "काका, काहून अटकला?" असं विचारणाऱ्यानंच तो अटकवला होता. टीएसओत, म्हणजे टर्मिनलवर बसून हुकूम देतात त्या भागात, फाइल अलोकेट करताना (मागून घेताना) गड्यानं एसएचआर, म्हणजे वाटून वापरायची, असं लिहिलंच नव्हतं. न लिहिलं की जुन्या फाइलीला ओल्ड लागतं, म्हणजे फाइल एकट्याच्या ताब्यात. वरून हा जेवायला गेलेला. आल्यावर त्यानं फ्री हा फाइल सोडायचा हुकूम दिला आणि जॉब सुटला. हेच उलट घडलं, जॉबकडे फाइल असताना टीएसओतून मागितली, तर टीएसओ थांबवून ठेवत नाही. वापरात आहे, नंतर या, असं म्हणून सरळ परत पाठवतं.

हे कुलूप फाइलीला लागतच नाही, हे मला इतक्या वर्षांत नीट उमगलं नव्हतं. याचं नाव एन्क्यू, म्हणजे मेमरीतल्या यादीत डेटासेटच्या नावापुढे लिहिलेली नोंद. डिस्कवर तिचा मागमूस नाही. आणि एसएचआर म्हटलं की बाकीच्या एसएचआरवाल्यांना ती अडवत नाही, मग आत कुणी काहीही करो.

याचा फटका मीच खाल्ला. लायब्ररी, म्हणजे आत मेंबर नावाच्या छोट्या फाइली ठेवणारा डेटासेट, भरली, ई३७ हा जागा संपल्याचा एरर आला, आयईबीकॉपी या प्रोग्रॅमनं कॉम्प्रेस करून मधली वाया गेलेली जागा मोकळी करायची होती. ओल्ड दिलं तर थांबावं लागेल म्हणून एसएचआर दिलं. आळस, दुसरं काय. त्याच वेळी पुतण्याचा जॉब त्यातला पावसाच्या नोंदींचा मेंबर वाचत होता. कॉम्प्रेसमध्ये मेंबर सुरुवातीकडे सरकतात, डिरेक्टरीत (लायब्ररीच्या अनुक्रमणिकेत) नवे पत्ते बसतात, पण त्याच्या जॉबकडे उघडतानाचा पत्ता होता. फेरफार होऊन गेला आणि हा जुना सातबारा घेऊन धुऱ्यावर उभा! प्रिंटआउटमध्ये अर्धा पाऊस, पुढे माझंच जेसीएल, म्हणजे जॉबचे हुकूम. तेव्हापासून कॉम्प्रेसला ओल्डच. कंपनीतल्या पीडीएसईला, म्हणजे नव्या प्रकारच्या लायब्ररीला, ही कटकट नव्हती, पण ३.८जे मध्ये पीडीएसईच नाही.

लाइट जाण्याचं तर विचारू नका. एकदा मेंबर लिहिता लिहिता गेली. परत आयपीएल केलं, म्हणजे सिस्टिम नव्यानं सुरू केली, तर कुलपं सगळी साफ, मेमरीसोबत गेली. मेंबर मात्र जुनाच. नवा मजकूर डिस्कवर असला तरी डिरेक्टरीतली नोंद स्टो (ती नोंद लिहिण्याचं काम) झाल्यावरच बदलते, आणि स्टो होतो क्लोजच्या, म्हणजे फाइल बंद करायच्या, वेळी. ते झालंच नव्हतं. मला हे आवडलं, खरं सांगतो. अर्धवट मेंबरपेक्षा कालचा अख्खा बरा.

तक्रारी आहेतच. डिरेक्टरी ब्लॉक सुरुवातीलाच मोजून द्यावे लागतात, मी पाच दिले आणि पस्तावलो. मदतीचे कागद इंग्रजीत आणि माझ्याइतकेच म्हातारे. पायला यूपीएस घ्या, तो खर्च वाचवू नका. बाकी शिकायला याहून स्वस्त मेनफ्रेम मला तरी दिसलेली नाही. पुतण्या आता एसएचआर आधी टाइप करतो, डेटासेटचं नाव नंतर.