बी.एड.साठी महाडीबीटी: शिष्यवृत्ती की फ्रीशिप?

अनुसूचित जातीच्या बी.एड. विद्यार्थ्याला महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, या दोन योजना दिसतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात फीसोबत निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्यावर गेलं की फ्रीशिप, म्हणजे फीमाफी: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, बस्स. थोडक्यात, निवड आपण करत नाही, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला करतो!

कागदपत्रांची दगदग दोन्हीकडे सारखीच. बी.एड.ला येणारे बरेच जण पदवीनंतर कुठे कुठे शिकवून आलेले असतात, त्यामुळे गॅपचं, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचं, प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. भत्ता हवा तर बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी दोन्हींचं नूतनीकरण स्वतःच करायचं, आपोआप होत नाही.