बीमिश : कोळशाच्या खाणीभोवती वसलेल्या गावाचे संग्रहालय

इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम परगण्यातले बीमिश हे खुले संग्रहालय सुमारे 350 एकरांवर पसरलेले आहे. त्यात ट्रामगाड्या, शेतवाडी, विसाव्या शतकाच्या आरंभीचे शहर आणि 1950च्या दशकातील वस्ती असे बरेच काही पाहायला मिळते. पण मी येथे केवळ तेथील खाणगावाविषयी लिहिणार आहे, कारण कोळशाच्या खाणीचा वारसा कसा जपावा आणि मांडावा याचे इतके चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. खाणीतली यंत्रे जतन करणारी संग्रहालये अनेक आहेत. खाणीने कामगारांच्या घरात, मुलांच्या शाळेत, रविवारच्या प्रार्थनेत आणि संध्याकाळच्या करमणुकीत किती आतवर शिरकाव केला होता, हे मात्र क्वचितच कोठे इतक्या स्पष्टपणे दिसते.

गावाचा काळ 1913च्या आसपासचा ठेवला आहे. डरहॅमच्या कोळसा उद्योगाचा तो भरभराटीचा काळ होता आणि परगण्यातील सुमारे 1 लाख 65 हजार पुरुष व मुलगे तेव्हा खाणींत कामाला होते. फ्रान्सिस स्ट्रीट नावाची कामगारांच्या घरांची रांग मूळची हेटन-ले-होल येथील. हेटन कोल कंपनीने ती 1860च्या दशकात बांधली होती आणि पाडली जाण्याच्या बेतात असताना ती तेथून उतरवून बीमिशला पुन्हा उभारण्यात आली. एकाच ओळीतली, एकाच मापाची ही घरे आतून मात्र एकमेकांसारखी नाहीत. एक घर मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या कुटुंबाचे, एक आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबाचे आणि एक खाणकामगाराच्या विधवेचे म्हणून मांडलेले आहे. डरहॅमच्या खाणकामगाराला घर आणि जळणाचा कोळसा कंपनीकडून मिळत असे, म्हणजे तो मजुरीचाच भाग होता. त्यामुळे कमावता माणूस गेला की छप्पर जाण्याचीही टांगती तलवार असे. विधवेच्या घरातले मोजके सामान पाहताना ही गोष्ट मला जितकी उमगली, तितकी कोणत्याही माहितीफलकावरून उमगली नसती.

या घरांतली माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे जमिनीवरची चिंध्यांची बैठक. जुन्या कोटांच्या, स्कर्टांच्या बोटभर पट्ट्या कापून त्या गोणपाटात एकेक करून ओवायच्या, अशी ही पद्धत. आपल्या गोधडीप्रमाणे हिच्यातही घरातल्या माणसांचे कपडे ओळखू यावेत इतके शाबूत राहतात. चुलीपाशी बसून त्या काळच्या पोशाखातल्या एक बाई अशी बैठक विणत होत्या. कोणत्या पट्ट्या कडेला लावायच्या आणि का, हे त्या हातातले काम न थांबवता समजावून सांगत होत्या. येथे काचेच्या पेट्या आणि लांबलचक मजकूर जवळजवळ नाहीत. माहिती हवी असेल तर माणसाशी बोलावे लागते. हा निर्णय मला मनापासून पटला. मात्र संकोची पाहुण्याच्या हाती त्यामुळे थोडे कमीच लागते, म्हणून मोकळेपणाने प्रश्न विचारावेत.

खाणीच्या बाजूला दिव्यांची खोली अवश्य पाहावी. 1812 साली, तेव्हा याच परगण्यात असलेल्या फेलिंग येथील खाणीत झालेल्या स्फोटात 92 जण मरण पावले आणि त्यानंतर 1815 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही व अभियंता जॉर्ज स्टीफन्सन या दोघांनी स्वतंत्रपणे सुरक्षा दिवे तयार केले. दिवा हातात घेतला की त्याचे काम समजते : ज्योतीभोवतीची बारीक जाळी आच बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचू देत नाही आणि हवेत मिथेन हा खाणीत साठणारा ज्वालाग्राही वायू असेल तर बारीक केलेल्या ज्योतीच्या टोकावर निळसर टोपी दिसू लागते. खाली जाताना प्रत्येक कामगार आपल्या क्रमांकाचा बिल्ला देऊन दिवा घेई, त्यामुळे खाणीत कोण आहे आणि कोण परतलेले नाही, हे वरच्या लोकांना कळत असे.

जवळच 1855 सालचे वाफेवरचे ओढयंत्र, म्हणजे माणसे व कोळसा खाणीतून वर-खाली नेणारे यंत्र आहे. एकच उभा सिलिंडर असलेले हे यंत्र बीमिशच्याच खाणीवर 1962पर्यंत कामात होते. मॅहॉगनी ही उताराची, म्हणजे उतरत्या बोगद्याने आत जाण्याची खाणही 1855चीच आणि मूळ जागेवरची आहे. डोक्यावर शिरस्त्राण चढवून, पाठ वाकवून आत शिरावे लागते. गुडघ्यांचा किंवा बंद जागेचा त्रास असलेल्यांनी आधी चौकशी करावी. आतली फेरी छोटी आहे आणि ती खोल खाणीची पुरेशी कल्पना देत नाही, हे मान्य करायला हवे. तो अनुभव हवा असेल तर वेल्समधील बिग पिट गाठावे. तेथे खाणीच्या पाळण्यातून (उद्वाहकातून) 90 मीटर खाली नेतात.

शाळा, प्रार्थनागृह आणि 1912 साली बांधलेले हेटनच्या वाद्यवृंदाचे सभागृह हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1911च्या कायद्याने जमिनीखाली काम करण्याचे किमान वय 14 ठरवले होते, हे लक्षात ठेवून शाळेतल्या बाकांकडे पाहावे. वेस्ट स्टॅन्ली येथील खाणीत 16 फेब्रुवारी 1909 रोजी झालेल्या स्फोटात 168 पुरुष व मुलगे दगावले. ते ठिकाण येथून अगदी जवळ आहे. ही हकिगत वाचून गेल्यास गावाची टापटीप आणि उबदार चुली पाहताना त्यामागची किंमत नजरेआड होत नाही, म्हणून तेवढी तयारी मी प्रत्येकाला सुचवीन.

खाणगावातल्या दुकानात कोळशाच्या भट्टीवर मासे आणि बटाट्याच्या फोडी तळतात. त्यासाठी पूर्वापार पद्धतीने गोमांसाची चरबी वापरली जाते, याची शाकाहारी वाचकांनी आणि गोमांस न खाणाऱ्यांनी नोंद घ्यावी. न्यूकॅसलहून बसने येता येते. संपूर्ण संग्रहालय एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न केल्यास खाणगावाच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो, तेव्हा सकाळी दार उघडताच पहिली ट्राम धरून थेट येथेच यावे आणि दुपारपर्यंत येथेच राहावे.